खान्देशातल्या सिस्टर टिकत का नाहीत? अनुभव लिहा

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर आहे. पावसाळा तोंडावर आलाय. डेंग्यू, गॅस्ट्रो, साप चावलेले पेशंट सुरू होतील, आणि नेमक्या याच वेळी हात बसलेल्या मुली एकेक करून निघाल्यात. कोणी सुरतला, कोणी नाशिक-पुण्याला, कोणी सरळ घरी. त्यांच्या जागी नुकत्या पास झालेल्या मुली येतात, वर्षभरात तयार होतात आणि त्याही जातात.

मालक मंडळींचं उत्तर ठरलेलं आहे, "पगाराचं कारण, दुसरं काय!" पगाराचं कारण आहेच. पण राजीनामा घेऊन आलेल्या मुलीला समोर बसवून नीट विचारलं, तर पगाराचा विषय तिसऱ्या-चौथ्या वाक्यात निघतो. आधी निघतं ते हे: नाईटला एकटी होते, पेशंट अचानक खराब झाला, डॉक्टरांना फोन लावत होते, तेवढ्यात नातेवाईक अंगावर धावून आले, आणि सकाळी ऑफिसात बोलावून मलाच विचारलं, "तू काय करत होतीस?" माझं मत असं बनलंय की पगारामुळे मुलगी दुसरी नोकरी शोधायला लागते, पण सोडून जाते ती अशा एखाद्या सकाळी.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. पेशंटशी माणुसकीनं वागा, हसून बोला, यावर आता ट्रेनिंग होतात. माणुसकी म्हणजे आमच्या कामात नेमकं काय, ते सांगते. कॅथेटर टाकण्याआधी पडदा ओढणं. अमळनेरकडच्या आजीला मराठी प्रश्न कळत असतो, पण तिला अहिराणीत "काय दुखस, माय?" असं विचारलं की तिची आवळलेली मूठ सुटते आणि नस सापडते. ऑपरेशनला नेताना कुंकू-बांगड्या उतरवायच्या असतात, त्या का आणि कोणाच्या हातात देतोय, हे सांगून उतरवणं. प्रत्येक गोष्टीला दोन मिनिटं लागतात. वॉर्ड भरला की हीच दोन मिनिटं सगळ्यात आधी जातात, कारण इंजेक्शन दिलं की चार्टवर सही होते, ओढलेला पडदा कुठेच लिहिला जात नाही. मग त्या मुलीवर शिक्का बसतो, "सिस्टर तुसड्या आहेत."

तर विचारायचं एवढंच: तुम्ही नर्सिंगमध्ये असाल तर कशानं टिकलात किंवा कशानं सोडलंत? पेशंटचे नातेवाईक असाल तर काय दिसलं? "सेवाभाव कमी झाला" असं मोघम नको, घडलेलं लिहा.

सुरत पॅसेंजर

ताई, मी त्या निघून गेलेल्यांपैकीच. घर नंदुरबार तालुक्यात. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर घराजवळच नोकरी धरली होती. हातात बारा हजार. तेवढ्यावरही राहिले असते, कारण आईचं जेवण मिळत होतं आणि भाडं नव्हतं.

राहिले नाही ते ड्युटीच्या यादीमुळे. उद्याची ड्युटी आज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कळायची. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी आलेल्या, झोका बांधलेला, आणि दुपारी फोन आला की लगेच ये, एक मुलगी आली नाही. गेले. त्याचं दुःख नाही, पेशंटला सण नसतो. पण त्याच्या बदल्यात सुट्टी मागितली तर "तुम्हा मुलींना सुट्ट्याच पाहिजेत" हे ऐकलं. वर दहावी-बारावीपासूनची सगळी मूळ प्रमाणपत्रं त्यांनी ठेवून घेतली होती, ती सोडवायला वडिलांना हातापाया पडावं लागलं.

सुरतमध्ये काम जास्त आहे, हे आधीच सांगते. आयसीयूत उभं राहून पाय सुजतात. पण आल्यावर सुरुवातीचे दोन महिने एका सीनियर सिस्टरसोबतच माझी ड्युटी होती. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की ती आधी मला विचारायची, "काय वाटतं तुला?" महिन्याची यादी पंचवीस तारखेला भिंतीवर लागते. मला कळतं की श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांना, मी घरी असणार की नाही. ताप्ती लाईनच्या गाडीत बसले की काही तासांत घर. घर जवळ पाहिजे असं म्हणायचे, आता घर कधी भेटणार ते आधी कळतं, हे जास्त वाटतं.

डॉ. तालुका

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. तीस खाटांचं हॉस्पिटल आहे, तालुक्याच्या गावी. ताई म्हणतात ते सगळं मान्य. पण आमचं गणितही पाहा. महात्मा फुले योजनेत केलेल्या केसचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. औषधवाला उधारीवर थांबतो, वीजबिल थांबत नाही. मे महिन्यात इथे पारा ४५च्या पुढे जातो, जनरेटर आणि कूलरचा खर्च वेगळा. नवीन मुलीला नस शोधण्यापासून शिकवतो. ती तयार झाली की मोठं शहर तिला उचलतं. म्हणजे शिकवायचं आम्ही आणि वापरायचं दुसऱ्यांनी. म्हणून काही जण बाँड लिहून घेतात. प्रमाणपत्रं अडकवणं मला पटत नाही, मी करत नाही. पण ती वेळ का येते तेही समजून घ्या.

तापीकाठ

डॉक्टर, आपण मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. बाँडनं मुलगी वर्षभर थांबते हे खरं. पण ती कशी थांबते ते वॉर्डात मला दिसतं. दिवस मोजत थांबलेली मुलगी पेशंटच्या उशाशी जास्तीचं मिनिटभर उभी राहत नाही. तिला दोष देता येत नाही, आपणच तिला नाइलाजानं थांबवलेलं असतं.

अमळनेरची

मी "सरळ घरी" गेलेल्यांमधली. बाळ झालं. कायद्यानं २६ आठवड्यांची रजा आहे, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघरही द्यावं लागतं, हे मला सोडल्यानंतर कळलं. तेव्हा साधं एवढंच मागितलं होतं, सहा महिने नाईट देऊ नका. नाही म्हणाले. अजूनही कोणी दिवसाची पाळी दिली तर उद्यापासून यायला तयार आहे. माझ्यासारख्या आमच्या एका गल्लीत तिघी आहेत, तिघींचं रजिस्ट्रेशन चालू आहे.

पाठ्यनिर्देशिका

नर्सिंग कॉलेजात शिकवते, म्हणून थोडं पुस्तकी वाटेल, पण ताईंनी जे वॉर्डात पाहिलं ते जगभर मोजलं गेलंय, हे इथे यायला हवं.

नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेकडे सरासरी एक पेशंट वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि परिचारिका कामानं पूर्ण पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. म्हणजे जे पेशंटला मारतं तेच सिस्टरला घालवतं. दोन वेगळे प्रश्न नाहीत हे. पुढे युरोपातल्या १२ देशांत विचारलं की वेळ नसल्यामुळे कोणतं काम राहून जातं. सगळ्यात वर होतं पेशंटशी बोलणं, त्याला धीर देणं. ताईंची दोन मिनिटं तीच.

आमच्या अभ्यासक्रमात अमेरिकेतल्या नर्सिंग तज्ज्ञ जीन वॉटसन यांचा १९७९मधला मानवी काळजीचा सिद्धांत आहे. मुली परीक्षेत दहा मुद्दे छान लिहितात. त्यातला गाभा असा की काळजी ही दोन माणसांमध्ये घडते, एकीनं दुसऱ्याला द्यायची ती वस्तू नव्हे. मग देणारीलाच कोणी माणूस म्हणून पाहत नसेल तर ती घडणार कुठून? हा प्रश्न मी वर्गात विचारते तेव्हा क्लिनिकल पोस्टिंग करून आलेल्या मुली गप्प होतात. त्यांनी तोपर्यंत पाहिलेलं असतं.

आता मनुष्यबळाचं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे: अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, म्हणजे तिन्ही पाळ्यांत वाटून प्रत्येक पाळीला नऊ खाटांमागे एक. इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, म्हणजे पाळीला पंधरांमागे एक. शिवाय रजेसाठी ३० टक्के जास्तीची माणसं. लोक पहिल्या आकड्यावर भांडतात, मला तो ३० टक्क्यांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. तो भरला नाही, की एकीची रजा म्हणजे दुसरीची डबल ड्युटी होते. मग रजा मागणारी मुलगी मैत्रिणींच्याच डोळ्यांत खुपायला लागते. वॉर्डातली भांडणं पुष्कळदा इथून सुरू होतात, आणि आपण म्हणतो बायकांचं पटत नाही.

पगाराबद्दलही एक नोंद. २९ जानेवारी २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्रानं समिती नेमली होती. तिची शिफारस अशी: २००पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार, १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५०पेक्षा कमी खाटा असल्या तरी २० हजारांच्या खाली नाही. आपल्या राज्यात सरकारी अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ३५,४०० पासून सुरू होतं. सुरत पॅसेंजरचे बारा हजार यापुढे ठेवून पाहा.

अक्राणी

माझी पोस्टिंग नंदुरबारच्या धडगाव भागात, एनएचएमवर (राष्ट्रीय आरोग्य अभियानात, कंत्राटी). ११ महिन्यांची ऑर्डर, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा ऑर्डर. इथे तुमच्यासारखे मॅनेजर नाहीत, पण एकटेपणा आहे. पावसाळ्यात पाड्यावरून गरोदर बाई बांबूच्या झोळीत येते. आणणारे चार जण चिखलानं भरलेले, दमलेले, आणि पावरी-भिली सोडून दुसरं काही न बोलणारे. मी मूळची धुळ्याकडची, अहिराणी येते, पण इथे ती कामाला येत नाही. आशाताई मध्ये बसून सांगते तेव्हा काम पुढे सरकतं.

सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) लिहिते, कारण माणुसकीचा विषय निघालाय. आमच्याकडे हे पेशंट पुष्कळ. क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याचा झटका येऊन, आलेल्या पोराचे सांधे, हाडं इतकी दुखतात की तो अंगाला चादरसुद्धा लागू देत नाही. बाहेरून काही दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. नवीन आलेल्या स्टाफला वाटतं की हा नाटक करतोय, औषधासाठी ओरडतोय. त्याचं दुखणं खरं मानायचं, पाणी-सलाईन लगेच, दुखण्याचं औषध वेळ न घालवता, अंग गरम ठेवायचं. हे मला इथल्या जुन्या सिस्टरनं शिकवलं. तिनं माझ्यासाठी आणखी एक केलं. माझ्या हातून पहिली प्रसूती अवघड झाली, बाळ वाचलं नाही. ती ड्युटी नसताना क्वार्टरवरून आली, रजिस्टर मी लिहीपर्यंत शेजारी बसली, मला सोबत घेऊन जेवली. काय चुकलं काय नाही याची चर्चा दुसऱ्या दिवशी केली, सविस्तर केली, काही सोडलं नाही. पण त्या रात्री नाही. ती बाई नसती तर मी त्याच आठवड्यात बॅग भरली असती. तिची आता बदली झाली आहे. माझ्यानंतर आलेल्या मुलीसाठी ते मी करते.

क्वार्टरचं दार, दिवे, बाथरूमची कडी, हेही लिहा कोणीतरी. रात्री दार नीट लागत नसेल तर धैर्य कुठून आणायचं?

पारोळा-एरंडोल

मी शेतकरी माणूस, नर्सिंगमधलं कळत नाही. आईला पॅरालिसिस झाला तेव्हा बरेच दिवस हॉस्पिटलात होतो. एक सिस्टर रोज आईला कूस बदलून द्यायची आणि मला हात धरून शिकवायची, पाठीला कुठे दाबून पाहायचं, लाल दिसलं तर काय. घरी आणल्यावर वर्षभर आईला बेडसोर झाला नाही, तो त्या शिकवण्यामुळे. ती सिस्टर महिन्यानं फॉलोअपला गेलो तर नव्हती, सोडून गेलेली. नवीन मुलीला आम्हीच सांगत होतो काय चालू होतं ते. नातेवाईक ओरडतात असं लिहिलंय वर. खरंय. पण आम्हाला तीन-तीन तास कोणी काही सांगत नाही. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं, समोर दिसते ती सिस्टर, म्हणून राग तिच्यावर निघतो. हे चूकच. डॉक्टरांनी दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी नातेवाइकांशी बोललं, तर निम्मी भांडणं होणार नाहीत असं माझं म्हणणं.

डॉ. तालुका

पारोळा भाऊ, हा मुद्दा एकदम बरोबर. संध्याकाळी सहाची वेळ ठरवता येईल, त्याला पैसेही लागत नाहीत.

धुळे ब्रदर

मेल नर्स आहे. आमचं दुखणं थोडं वेगळं. मारामारीची केस आली की "ब्रदरला पुढे करा". दारू पिऊन आलेला, गाडी ठोकून आलेला, सगळे आमच्याकडे. नाईटही जास्त आमच्याच वाट्याला. महाराष्ट्रात २०१०पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे आणि त्यात नर्सही येतात, फक्त डॉक्टर नाहीत. तरी नर्सला मारहाण झाली की तक्रार द्यायला कोण जाणार यावर दोन दिवस जातात. माझं म्हणणं, पोलीस ठाण्यात संस्थेनं जावं. मार खाल्लेल्या माणसाला स्वतःच्या पगारी रजेतून चकरा मारायला लावू नये. आणि सुई टोचली तर रात्री अडीचलाही कोणाला फोन करायचा तो नंबर भिंतीवर पाहिजे. एचआयव्हीची पीईपी, म्हणजे लागण टाळायची औषधं, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते, जितकी लवकर तितकी बरी. "सोमवारी साहेब आल्यावर बघू" हे चालत नाही.

डॉ. तालुका

सगळ्यांचं वाचलं. तापीकाठ ताई, सरळ विचारतो. तीस खाटा, अकरा मुली, पगार या वर्षी फार तर थोडा वाढवू शकतो. पुढच्या महिन्यापासून काय करू?

तापीकाठ

सर, मी तुमच्या जागी असते तर आधी नाईटला हात घातला असता. तीस खाटांना रात्री एकच मुलगी असेल तर तिच्या सोबत दुसरी द्या, दिवसाची एक कमी झाली तरी चालेल, कारण दिवसा तुम्ही, वॉर्डातले मामा, मावशी, ऑफिसचा माणूस, सगळे असता. रात्री ती एकटी असते आणि वर्षभरात निघून जाण्याचा विचार रात्रीच पक्का होतो. नवीन मुलीला पहिले तीन महिने एकटीनं नाईट नाही, हे लिहून लावा, तोंडी नको. तोंडी नियम पहिल्याच गैरहजेरीला मोडतो.

यादी महिन्याची करा आणि ती मुलींना करू द्या. मी स्वतः करायचे तेव्हा रोज तक्रारी. आता कोरा तक्ता ठेवते, प्रत्येकीनं आपली एक न बदलणारी सुट्टी आधी लिहायची, मग बाकीचं त्या आपसात जुळवतात. आखाजी, कानबाई, ईद, नाताळ, सगळं त्यात बसतं. आमच्याकडे तडवी मुली आहेत, ख्रिश्चन आहेत, त्या एकमेकींचे सण सांभाळून घेतात.

अमळनेरच्या ताईंचं वाचलंत ना? तुमच्या गावातही अशा घरी बसलेल्या सिस्टर असतील. सकाळी नऊ ते दोन अशी पाळी काढा. ड्रेसिंग, डिस्चार्ज समजावणं, शुगरच्या पेशंटला इन्सुलिन शिकवणं ही कामं त्यांच्याकडे द्या. जुन्या हाताची बाई पाच तासांत जे करते ते नवीन मुलीला दिवसभरात जमत नाही, आणि तुमच्या इतर मुलींची ती दोन मिनिटं परत मिळतील.

जेवायला बसायची जागा करा. खोली नसली तर स्टोअरचा एक कोपरा, पंखा, पाण्याचा माठ, दाराला आतून कडी. बाथरूम पेशंटपासून वेगळं. आमच्याकडच्या उन्हात मुली पाणी कमी पितात कारण बाथरूमची सोय नाही, आणि मग लघवीच्या इन्फेक्शननं रजेवर जातात. ही रजा तुम्हाला पंख्यापेक्षा महाग पडते.

आणि काही बिघडलं तर सकाळी पहिलं वाक्य "तू काय केलंस" हे नको. आधी "तू बरी आहेस का, कोण होतं सोबत", मग झोप काढून आल्यावर बाकी सगळं. अक्राणीनं लिहिलंय तसं, चर्चा सविस्तर व्हायलाच हवी, चूक झाली असेल तर ती बोललीच पाहिजे. फक्त नातेवाइकांसमोर नाही. त्यांच्यासमोर तुम्ही तिच्या शेजारी उभे राहा. एवढं एकदा झालं तरी ते अकराच्या अकरा जणींना संध्याकाळपर्यंत कळतं.

पाठ्यनिर्देशिका

ताईंच्या यादीच्या मुद्द्याला जोड देते. १९८३ मध्ये अमेरिकेत, नर्सची टंचाई असतानाही ज्यांच्याकडे नर्स टिकून होत्या अशी ४१ रुग्णालयं निवडून कारणं शोधली गेली. तिथे भेटू शकणारं, ऐकणारं नेतृत्व होतं, पाळ्यांत लवचिकता होती, आणि निर्णयात नर्सचा हात होता. कोरा तक्ता म्हणजे तेच.

शेवटचं वर्ष

सगळ्यांना नमस्कार. माझं जीएनएमचं शेवटचं वर्ष, शहाद्याला घर आहे. एका ठिकाणी विचारलंय, ते म्हणतात मूळ प्रमाणपत्रं जमा करा. घरचे म्हणतात जवळ आहे, धरून घे. मी काय विचारू त्यांना?

सुरत पॅसेंजर

मूळ प्रमाणपत्रं देऊ नकोस. दाखव, त्यांनी बघावीत, झेरॉक्सवर सही करून दे. त्यावर अडून बसले तर तेच तुझं उत्तर.

पाठ्यनिर्देशिका

तीन गोष्टी विचार: पहिल्या नाईटला माझ्यासोबत कोण असेल, महिन्याची यादी कधी लागते, आणि नेमणूकपत्र लेखी मिळेल का. मग तिथे काम करणाऱ्या एखाद्या सिस्टरला बाहेर गाठून तिलाही हेच विचार. आणि हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का पाहा. राहिले असतील तर आजच सुरू कर, कारण पूर्ण कोर्सला सहा महिने लागतात.